वारशाने आलेली श्रद्धा आणि स्वतःची श्रद्धा : मराठी कॅथलिक अध्यात्मजीवनाचा एक विचार

प्रस्तावना

नंदुरबार जिल्ह्यात धर्म हा विषय निघाला की चर्चा बहुधा आकड्यांची होते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. त्यामुळे कोण कोणत्या धर्माकडे वळले, किती वळले, वळल्यानंतर जमातीच्या सवलती राहाव्यात की नाही, हेच प्रश्न सभांतून, वृत्तपत्रांतून आणि महाविद्यालयीन चर्चासत्रांतूनही पुन्हा पुन्हा पुढे येतात. हे प्रश्न गैरलागू आहेत असे मुळीच नाही. परंतु ते सारे धर्माच्या उंबरठ्यावरचे प्रश्न आहेत. उंबरठा ओलांडून आत गेलेला, किंवा आतच जन्मलेला, मनुष्य पुढे तेथे काय करतो, त्याची श्रद्धा वाढते कशी, सुकते कशी, सुकली असता तो काय करतो, याविषयी आपल्या अभ्यासात जवळजवळ काहीच आढळत नाही. धर्मांतराचे समाजशास्त्र आपल्याकडे बरेच लिहिले गेले; धर्मजीवनाचे अंतरंग मात्र उपेक्षित राहिले.

प्रस्तुत लेखात कॅथलिक ख्रिस्ती परंपरेपुरता या अंतरंगाचा विचार करावयाचा आहे. ही परंपरा निवडण्याचे कारण असे की, मराठीत तिला चारशे वर्षांहून अधिक काळाचा लिखित इतिहास आहे, आणि वैयक्तिक श्रद्धा जोपासण्याच्या पद्धतींचा तिने जेवढा बारकाईने विचार केला आहे तेवढा फार थोड्या परंपरांनी केला असेल. लेखकाचा मूळ विषय मराठी साहित्य असल्याने विवेचनाचा ओघ वारंवार त्या बाजूस वळेल, हे आरंभीच नमूद करणे इष्ट.

मान्यता आणि नाते

'श्रद्धा' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एखादे विधान खरे मानणे ही एक श्रद्धा. एखाद्या व्यक्तीवर भिस्त ठेवणे ही दुसरी. लॅटिन धर्मशास्त्राने हा भेद संत ऑगस्टीनपासून सांभाळला आहे : जे मानले जाते ते एक, आणि ज्या आंतरिक वृत्तीने मानले जाते ती दुसरी. १९९२ मध्ये व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या 'कॅथलिक धर्मशिक्षण' या अधिकृत ग्रंथात श्रद्धेची व्याख्या करताना प्रथम स्थान दुसऱ्या अर्थास दिले आहे. मनुष्याने स्वतः होऊन परमेश्वराला चिकटून राहणे ही श्रद्धा, आणि प्रकट झालेल्या सत्याला संमती देणे हे त्यापासून वेगळे न काढता येणारे तिचे दुसरे अंग, असा तो क्रम आहे.

इंग्लंडमधील कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन यांनी १८७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संमतिविषयक ग्रंथात हाच भेद अधिक खोलवर नेला. न्यूमन यांना २०१९ मध्ये संतपद देण्यात आले. त्यांच्या मते, संकल्पनेला दिलेली संमती आणि वस्तूला दिलेली संमती या दोन भिन्न गोष्टी होत. 'सर्व माणसे मर्त्य आहेत' हे वाक्य आपण सारेच मान्य करतो. पण घरातील माणूस गेल्यावर तेच वाक्य वेगळ्या प्रकारे कळते. वाक्य तेच, संमती मात्र नवी. अध्यात्मजीवनात श्रद्धा 'सखोल' होते म्हणजे नवीन मते वाढतात असे नव्हे. जुनीच मते पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जातात.

येथे एक अडचण उभी राहते. कॅथलिक परंपरेत स्नानसंस्कार बहुधा अर्भकावस्थेत होतो. बालकाच्या वतीने आईवडील व धर्ममातापिता श्रद्धा व्यक्त करतात. म्हणजे या परंपरेतील बहुसंख्य माणसांना श्रद्धा प्रथम वारशाने मिळते, जशी भाषा मिळते किंवा शेत मिळते. शेत वारशाने मिळाले तरी पीक मिळत नाही, ते काढावे लागते. पुढे दृढीकरणाच्या संस्कारात तोच तरुण स्वतःच्या तोंडाने ती श्रद्धा पुन्हा व्यक्त करतो. परंतु संस्कार झाला म्हणजे रूपांतर झाले, असे कोणताही अनुभवी धर्मगुरू म्हणणार नाही. वारसा आणि स्वतःची कमाई यांतील हे अंतर कसे कापावयाचे, हा कॅथलिक अध्यात्माचा कायमचा प्रश्न आहे.

प्रश्नोत्तरी आणि पुराण

मराठीत या प्रश्नाला पहिले मोठे उत्तर दिले ते फादर थॉमस स्टीफन्स यांनी. इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातील हे गृहस्थ १५७५ मध्ये रोम येथे येशूसंघात दाखल झाले, ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यास पोहोचले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंतची जवळजवळ चाळीस वर्षे मुख्यतः सासष्टी महालात राहिले. त्यांच्या नावावर दोन प्रमुख धार्मिक ग्रंथ आहेत. एक, कोकणीतील ख्रिस्ती प्रश्नोत्तरी, जी त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये रायतूर येथे छापली गेली. दुसरा, १६१६ मध्ये तेथेच छापलेले 'ख्रिस्तपुराण'. पहिल्या पुराणाचे ३६ आणि दुसऱ्या पुराणाचे ५९ अवस्वरू, एकूण सुमारे अकरा हजार ओव्या, असा त्याचा विस्तार आहे.

आमच्या अभ्यासक्रमांत स्टीफन्स बहुधा एका उताऱ्यापुरते येतात : मराठी भाषेची थोरवी गाणारा तो सुप्रसिद्ध उतारा विद्यार्थी पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुस्तक मिटतात. परकीय मनुष्याने आपल्या भाषेची स्तुती केली याचा आनंद आपल्याला इतका झाला की, तो ग्रंथ कशासाठी लिहिला हे विचारण्याचे राहूनच गेले.

ते कारण ग्रंथाच्या आरंभीच सांगितलेले आहे. धर्मशिक्षणासाठी जमलेल्या नवख्रिस्ती मंडळींपैकी एक जण पाद्रींना विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केली, तर त्यांच्या जागी तशीच दुसरी आम्हांस का देत नाही? प्रश्नोत्तरी त्यांच्याजवळ होती. तत्त्वे, आज्ञा, प्रार्थना, सारे त्यांना शिकविले गेले होते. नव्हते ते एवढेच की, संध्याकाळी बसून ऐकावे, डोळ्यांसमोर आणावे, ज्यात रडावे आणि हसावे असे काही. न्यूमन यांच्या भाषेत बोलावयाचे तर त्यांच्याजवळ संकल्पना होत्या, वस्तू नव्हती.

स्टीफन्स यांनी ओवी निवडली, स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द घेतला, आणि ख्रिस्ताचे जन्म, दुःखभोग व पुनरुत्थान श्रोत्याच्या ओळखीच्या लयीत सांगितले. प्रश्नोत्तरीत 'येशू कोण?' असा प्रश्न असतो आणि त्याचे एक बरोबर उत्तर असते. पुराणात येशू चालतो, थकतो, भुकेला होतो, त्याची आई त्याच्या मृतदेहापाशी बसते. श्रोत्याला उत्तर द्यावयाचे नसते. तेथे उभे राहावयाचे असते. मराठी भक्तिपरंपरेतील आख्यानकाव्याने हे काम शतकानुशतके केलेच होते. स्टीफन्स यांचे मोठेपण असे की, श्रद्धा माहितीने रुजत नाही हे त्यांनी ओळखले आणि त्यासाठीची ओजार येथील भूमीतूनच घेतली. पुढे एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच येशूसंघीयाने संत पीटर यांच्या जीवनावर तितकेच विस्तृत मराठी काव्य रचले. पुष्कळ दिवस ही परंपरा टिकली असती. परंतु १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले आणि राजसत्तेने ख्रिस्ती माणसाच्या प्रार्थनेची भाषाच संशयास्पद ठरविली.

स्वातंत्र्याची अट

या इतिहासाची काळी बाजू वगळून पुढे जाता येणार नाही. ज्या पुराणांच्या जागी नवे पुराण मागितले गेले, ती आपोआप नाहीशी झाली नव्हती. सासष्टीत १५६७ मध्ये देवालये पाडण्यात आली. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय मारले गेले, आणि त्यांचे देह मिळवून आणण्याचे काम स्टीफन्स यांच्याकडेच आले. गोव्यातील धर्मन्यायालय १५६० पासून, मधला अल्प खंड वगळता, १८१२ पर्यंत चालले. सक्तीच्या छायेत वैयक्तिक श्रद्धा वाढू शकते काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ विरोधकांचा नाही. तो त्या परंपरेचा स्वतःचाही आहे. ख्रिस्तसभेने त्याचे निःसंदिग्ध उत्तर दिले ते फार उशिरा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी संमत केलेल्या धर्मस्वातंत्र्यविषयक घोषणापत्रात, श्रद्धा ही स्वभावतःच स्वेच्छेची कृती असल्याने कोणावरही ती लादता येत नाही, अशी भूमिका घेण्यात आली. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, सक्ती केवळ अन्यायकारक म्हणून त्याज्य ठरविलेली नाही. सक्तीने जे उत्पन्न होते ती श्रद्धाच नव्हे, असा त्यामागील युक्तिवाद आहे. आमिषालाही हाच युक्तिवाद लागू पडतो, आणि घरच्या दडपणालाही.

या संदर्भात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आठवतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक प्रॉटेस्टंट होते, कॅथलिक नव्हेत. तरी उदाहरण येथे पूर्ण लागू पडते. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० मध्ये. मधल्या पाच वर्षांत त्या प्रथम पतीपासून दूर राहिल्या, नंतर एकत्र राहूनही सोवळेओवळे पाळीत राहिल्या, आणि एकेक बंधन स्वतः तपासून, स्वतःच्या मनाने सोडीत गेल्या. पतीचा धर्म म्हणून त्यांनी तो घेतला असता तर आज त्यांचे पुस्तक कोणी वाचले नसते. श्रद्धेला वेळ लागतो आणि तो वेळ दुसऱ्याने ठरवावयाचा नसतो, हे कोणत्याही धर्मशास्त्रीय ग्रंथाइतके स्पष्टपणे 'स्मृतिचित्रे'त दिसते.

जोपासनेच्या पद्धती

आता मुख्य विषयाकडे वळू. श्रद्धा जोपासावयाची म्हणजे प्रत्यक्षात करावयाचे काय? कॅथलिक परंपरेने याची जी साधने विकसित केली त्यांपैकी तिहींचा येथे विचार करतो. मिस्सा आणि इतर संस्कार हे या जीवनाचे केंद्र आहेतच. परंतु ते सामुदायिक आहेत, आणि आपला विषय वैयक्तिक श्रद्धेचा आहे.

पहिले साधन म्हणजे शास्त्रवाचनाची प्राचीन मठवासी पद्धत. बाराव्या शतकातील कार्थुसियन मठाधिपती दुसरे गिगो यांनी तिच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन. वेदान्तातील श्रवण, मनन, निदिध्यासन या त्रयीशी तिचे साम्य वाचकांच्या ध्यानात येईलच. फरक आहे तो तिसऱ्या पायरीत. तेथे वाचक वाचलेल्या मजकुराविषयी विचार करण्याचे थांबवून बोलू लागतो, आणि बोलतो ते मजकूर ज्याचा आहे त्याच्याशी. उदाहरणार्थ, मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात यरीहोच्या वाटेवर बसलेल्या बार्तिमय नावाच्या आंधळ्या भिकाऱ्याची कथा आहे. तो येशूला हाक मारतो, लोक त्याला गप्प करतात, तो अधिकच मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो आणि, मी तुझ्यासाठी काय करावे, असे त्याला विचारतो. आंधळ्याला काय हवे हे उघड असताना हा प्रश्न का? वाचन येथे संपते आणि मनन सुरू होते. पुढे वाचकाला कळते की, हा प्रश्न आता आपल्याला विचारला जात आहे, आणि आपल्याजवळ त्याचे झटपट उत्तर नाही. ती अडचण शब्दांत मांडणे ही प्रार्थना. शेवटी शब्दही राहत नाहीत, तेव्हा केवळ त्या वाटेवर बसून राहणे, हे चिंतन. एकूण काम अर्ध्या तासाचे. कथा सात ओळींची. भरभर पुष्कळ वाचण्याची सवय असलेल्या आपणा अध्यापकांना ही पद्धत सर्वांत कठीण जाते, असे सुचवावेसे वाटते.

दुसरे साधन म्हणजे रोजरी, अर्थात पवित्र माळ. बाहेरून पाहणाऱ्याला तो निव्वळ जप वाटतो, आणि अनेकदा तो तेवढाच उरतोही. पन्नास वेळा म्हटलेला 'नमो मारिया' हा वस्तुतः मनाला धरून ठेवणारा ताल असून, त्या तालावर ख्रिस्तजीवनातील एकेका घटनेचे ध्यान करावयाचे असते. १९७४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी ध्यानाविना माळ म्हणजे आत्म्याविना देह असे बजावले. २००२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी पूर्वीच्या पंधरा रहस्यांत ख्रिस्ताच्या सार्वजनिक जीवनातील पाच रहस्यांची भर घातली. वसई परिसरात संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसून माळ म्हणण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. १७३९ मध्ये वसई मराठ्यांकडे आली आणि पोर्तुगीज सत्ता गेली, तरी तेथील ख्रिस्ती लोक ख्रिस्तीच राहिले. राजाश्रय गेल्यावरही टिकलेल्या या श्रद्धेत घरगुती प्रार्थनेचा वाटा मोठा असला पाहिजे, असा लेखकाचा तर्क आहे.

तिसरे साधन अधिक विस्ताराने पाहण्याजोगे आहे. इग्नेशियस लोयोला हा स्पॅनिश सरदार मे १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या वेढ्यात पायाला तोफगोळा लागून जखमी झाला. अंथरुणावर पडल्या पडल्या वाचण्यास त्याने शौर्यकथा मागितल्या; घरात सापडली ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. दिवसभर तो कधी दरबारातील पराक्रमांची, तर कधी संतांसारखे होण्याची स्वप्ने रंगवी. दोन्ही स्वप्ने सारखीच गोड. मात्र त्याच्या असे ध्यानात आले की, पहिली ओसरली की मन कोरडे व असमाधानी होते, आणि दुसरी ओसरल्यावरही मागे प्रसन्नता रेंगाळते. सारे इग्नेशियन अध्यात्म या एका निरीक्षणातून निघाले आहे. मनात काय आले यापेक्षा ते गेल्यावर मागे काय उरले, हे पाहावयाचे. यातून तयार झालेल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तिकेला १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. पूर्ण साधना तीस दिवसांची, चार 'आठवड्यांत' विभागलेली. परंतु नोकरी-व्यवसाय सोडता न येणाऱ्यांनी ती दैनंदिन जीवनातच, काही महिन्यांत पसरून करावी, अशी सोय इग्नेशियसनेच करून ठेवली आहे.

या साधनेतील सर्वांत लहान भाग म्हणजे रोजचे आत्मपरीक्षण. त्यात पाच गोष्टी येतात. प्रथम मिळालेल्या गोष्टींबद्दल आभार. मग स्वतःला खरेपणाने पाहता यावे म्हणून कृपेची याचना. मग उठल्यापासूनचा दिवस तासातासाने आठवणे. मग चुकले त्याबद्दल क्षमा, आणि अखेरीस उद्याचा निश्चय. हा क्रम महत्त्वाचा आहे. आरंभ आभारापासून होतो, दोषांपासून नव्हे. नाहीतर आत्मपरीक्षणाचे रूपांतर स्वतःला बोल लावण्यात होते, आणि त्याचा कंटाळा येऊन चार दिवसांत ते बंद पडते. एखादा विशिष्ट दोष घालवावयाचा असल्यास इग्नेशियसने कागदावर दिवसागणिक ओळी आखून, तो दोष घडेल तितके ठिपके ओळीवर द्यावयास सांगितले आहे. दुसऱ्या दिवसाची ओळ पहिल्या दिवसाशी ताडून पाहावयाची. सोळाव्या शतकातील ही पद्धत पाहिली असता तिच्या व्यावहारिकपणाचे आश्चर्य वाटते. पापनिवेदनाच्या संस्कारास जाणाऱ्यालाही याच परीक्षणाचा उपयोग होतो. एरवी 'कुमसार' म्हणजे ठरावीक चार दोषांची यादी होऊन बसते.

कोरड

पद्धती सांभाळल्या की श्रद्धा वाढतच जाईल, असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. अध्यात्मजीवनात कोरड पडते, आणि ती नेटाने साधना करणाऱ्यालाही पडते. इग्नेशियसने यासाठी एक नियम घालून दिला : मन उदास व कोरडे असताना पूर्वी प्रसन्न मनाने केलेला निश्चय बदलू नये. कोरडेपणात सुचलेला सल्ला विश्वासार्ह नसतो. स्पेनमधील कार्मेलवासी संत, क्रूसाचे जॉन, यांना १५७७-७८ मध्ये त्यांच्याच संघातील मंडळींनी टोलेडो येथे कोंडून ठेवले होते. त्यांनी या कोरडीला 'रात्र' म्हटले, आणि ती श्रद्धेचा अंत नसून तिची शुद्धी आहे, असे प्रतिपादन केले. देव देत असलेल्या सुखावर जडलेले प्रेम या रात्रीत गळून पडते आणि देवावरचे उरते.

हे केवळ जुन्या मठांतील प्रकरण आहे अशी समजूत असेल, तर मदर तेरेसांच्या पत्रांनी ती दूर केली. त्यांची खासगी पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. कलकत्त्याच्या रस्त्यांवर जिचे हसरे मुख जगाने पाहिले, त्या स्त्रीने काही दशके आपल्या अंतरात देवाचे अस्तित्व जाणवत नसल्याचे आपल्या मार्गदर्शक धर्मगुरूंना कळविले होते. पत्रे वाचून काहींनी ढोंगाचा आरोप केला. तो आरोप श्रद्धा म्हणजे भावना असे गृहीत धरतो. भावना नसतानाही पहाटे उठून प्रार्थनेस बसणे आणि नंतर मरणोन्मुख माणसाचे अंग पुसणे, यालाच जर श्रद्धा म्हणावयाचे असेल, तर त्या पत्रांनी तिचे वजन वाढविले आहे. ख्रिस्तसभेनेही ४ सप्टेंबर २०१६ रोजी त्यांना संत घोषित केले ते ही पत्रे समोर असतानाच.

मराठी वाचकाला येथे तुकोबा आठवले नाहीत तरच नवल. विठ्ठलाशी भांडणारे, त्याच्या नसण्याने व्याकूळ होणारे त्यांचे अभंग याच रात्रीचे आहेत. वसईचे पहिले व नंतर पुण्याचे महागुरू झालेले थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या ईश्वरानुभवावर स्वतंत्र प्रबंधग्रंथ लिहिला आहे. कॅथलिक अध्यात्माचा अभ्यासक वारकरी संताकडे केवळ तुलनेसाठी जात नाही, आपला स्वतःचा अनुभव समजून घेण्यासाठी जातो, याचे ते चांगले उदाहरण होय.

भाषेचा प्रश्न, पुन्हा

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उल्लेख वर आला. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाने मिस्सेसाठी लोकभाषांचे दार उघडले. त्यापूर्वी वेदीवरची प्रार्थना लॅटिनमध्ये होत असे आणि भाविक आपली माळ ओढीत बसत. १९६५ च्या प्रकटीकरणविषयक संविधानाने सर्वसामान्य श्रद्धावंतांनी बायबल वारंवार वाचावे, असा आग्रह धरला. मराठीत या बदलाचे फळ अनेकांनी पिकविले. त्यांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२-२०२४) यांचे नाव अग्रभागी आहे. 'सुवार्ता' या मासिकाचे दीर्घकाळ संपादन, 'सुबोध बायबल', आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, ही त्यांच्या कार्याची ठळक स्थाने. 'सुबोध' हे विशेषणच बोलके आहे. जे कळत नाही त्यावर मनन करता येत नाही.

परंतु नंदुरबारमध्ये बसून पाहिले असता हे उत्तर अपुरे पडते. नाशिक धर्मप्रांतात मोडणाऱ्या या जिल्ह्यात ख्रिस्ती प्रभाव, विशेषतः नवापूर भागात, मुख्यतः प्रॉटेस्टंट मिशनांच्या मार्गाने आला. चिंचपाडा येथील ख्रिस्ती रुग्णालय सर्वांच्या परिचयाचे आहे. कॅथलिक समाज त्या मानाने लहान. पण पंथ कोणताही असो, अक्कलकुवा किंवा धडगावच्या पाड्यावरील माणसाची घरातील भाषा भिलीची एखादी बोली, पावरी किंवा मावची असते. मराठी त्याला शाळेत भेटते, तहसील कार्यालयात भेटते. ज्या भाषेत अर्ज लिहावयाचा त्याच भाषेत प्रार्थना करावयाची असेल, तर प्रार्थनाही अर्जासारखी होण्याचा संभव असतो. वसईच्या माणसाला लॅटिन जशी होती, जवळपास तशीच सातपुड्यातील माणसाला प्रमाण मराठी आहे, हे आम्ही मराठीच्या अध्यापकांनी कबूल करावयास हवे.

या भूमीला स्वतःचा आंतरिक अनुशासनाचा अनुभवही आहे. १९३७-३८ च्या सुमारास तळोदा परिसरात गुलाम महाराजांनी आदिवासींना दारू सोडावयास, रोज स्नान करावयास आणि एकत्र जमून आरती करावयास सांगितले. हजारो माणसे त्यामागे गेली. यहामोगी मातेची भक्ती त्याहून कितीतरी जुनी. अशा मातीत येणाऱ्या कोणत्याही श्रद्धेला सासष्टीतील त्या नवख्रिस्ती माणसाचा प्रश्न ऐकावाच लागेल. जुन्या गाण्यांच्या जागी तुम्ही काय देता? आणि मुळात ती जागा रिकामी करण्याची गरज होती काय?

याला जोडून आणखी एक प्रत्यक्ष अडचण आहे. जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी दरवर्षी काही महिने गुजरातेत जातात. गावातील प्रार्थनासभा, सण, शेजारी, सारे मागे राहते. फडावरच्या झोपडीत बरोबर जाते ते फक्त जे मनात आहे ते. सामुदायिक श्रद्धा तेथे सुटी पडते. महाविद्यालयीन वसतिगृहात एकट्याने राहू लागलेल्या विद्यार्थ्याचेही तेच होते. वर वर्णिलेल्या साधनांपैकी आत्मपरीक्षणाला पुस्तक लागत नाही, दिवा लागत नाही, अक्षरओळखही लागत नाही. झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटे आणि स्वतःची बोली एवढेच लागते. ते शिकविणारा मात्र कोणीतरी लागतो. दुर्गम पाड्यांवर धर्मगुरू अधूनमधून पोहोचतो. रोजचे शिकविणे गावातल्याच धर्मशिक्षकाच्या हाती असते. तो बहुधा शेती करणारा, बोली बोलणारा, लग्नाकार्यात सर्वांबरोबर नाचणारा माणूस असतो. पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०२१ रोजी काढलेल्या पत्राने या धर्मशिक्षकांच्या सेवेला ख्रिस्तसभेत स्वतंत्र, विधिवत स्थान दिले, आणि त्यांच्या तयारीची जबाबदारी महागुरूंच्या परिषदांवर सोपविली. ही तयारी प्रश्नोत्तरी पाठ करून घेण्यापुरती राहते की पावरीत आणि मावचीत बार्तिमयाची कथा सांगण्यापर्यंत जाते, हे पुढील काही वर्षांत पाहण्यासारखे आहे.